डाव्या बाजूचा बल्ब

आमच्या नानांना दिसत नाही, हा शोध माझ्या भावाने पुण्यात बसून लावला. सोनईत ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. खुद्द नानांनाही नव्हती.

नाना म्हणजे आमचे वडील. वय विचारलं की कोणता दुष्काळ ते कितवीत असताना पडला इथपासून सुरुवात करतात. विचारणारा चहा पिऊन उठून गेला तरी त्यांचा हिशेब चालूच असतो. त्यांची एक छोटी पांढरी गाडी आहे. पांढरी फक्त कागदोपत्री, बाकी रंग आमच्या शिवारातल्या फुफाट्याचा. त्या गाडीवर त्यांचा जेवढा जीव आहे तेवढा आम्हा दोघा भावंडांवर कधी होता असं मला तरी आठवत नाही.

झालं असं, की ऊसतोडीच्या हंगामात एका संध्याकाळी नाना आईला घेऊन नगरहून घरी येत होते. घोडेगावच्या पुढं एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना मागून ठोकलं. कुणाला काही लागलं नाही. त्याचं मडगार्ड वाकलं, नानांचा बंपर चेपला आणि दोघांनी एकमेकांच्या खानदानाची चौकशी केली. तो म्हणाला, "बाबा, मागं लाईट न्हाई का तुमच्या?" हा प्रश्न त्या रस्त्यावर विचारणं म्हणजे कमालच. हंगामात आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीच्या मागे आणखी एक ट्रॉली आणि तिच्या मागे नुसता अंधार असतो. गाडीला लाल दिवा असावा ही अपेक्षा आम्ही फक्त जावयांकडून ठेवतो.

पण गावात कुणाच्या तरी मोबाईलमध्ये त्या चेपलेल्या बंपरचा फोटो गेला, तिथून तो पुण्याला पोचला आणि दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, निकाल देऊन टाकला. नानांना आता दिसत नाही. गाडी विकायची.

नानांचं म्हणणं अगदी साधं होतं. "त्यानं मला मागनं ठोकलं. मला मागं डोळे न्हाईत. ते कुणालाच नसत्यात. आता मी त्याला दिसलो न्हाई, तर ह्यात माझं डोळं आलं कुठनं?"

बोलणं बिनतोड होतं. पण आमच्या घरात बिनतोड बोलण्याचा उपयोग आजवर कुणालाच झालेला नाही. दादानं राहुरीचं एक गिऱ्हाईक शोधलं, रविवारी सकाळी गाडी बघायला येईल असं ठरवलं आणि मला फोन केला. मी नगरला शाळेत शिकवते. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी सोनईच्या गाडीतला कंडक्टर नगर असंच ओरडतो आणि मीही त्यालाच ओ देते. दादा म्हणाला, "तू शनिवारीच जा. गाडी धुऊन घे, मागचा बल्ब गेलाय म्हणतात तो बदलून घे आणि नानांना समजाव." आमच्यात कामाची वाटणी लहानपणापासून अशीच आहे. हुकूम त्याचे, हमाली माझी. तरी मी गेले, कारण खरं सांगायचं तर गाडी विकावी असंच मलाही वाटत होतं. संध्याकाळी फोन वाजला की मला आधी त्यांची गाडीच आठवायची.

सोनईच्या स्टँडवर मी उतरले तर नाना गाडी घेऊन समोरून आले, माझ्याकडे बघितलं न बघितलं आणि सरळ पुढे निघून गेले. झालं, म्हटलं, दादा खरंच बोलत होता. सख्खी लेक दिसेना यांना. पिशवी घेऊन मी मागे धावले. पुढे गतिरोधकावर त्यांनी ब्रेक मारला तेव्हा उजवीकडची लाईट लाल झाली, डावीकडची नाही. मग एका लिंबाच्या सावलीत ते थांबले.

"लेक दिसली नाही का?" मी दार आपटत विचारलं.

"दिसली की. दोन पिशव्या हायेत, एकीचा बंद तुटलाय. पण तिथं थांबलं की रिक्षावाले आईबापावरनं शिव्या देत्यात. माझा बाप कधीच गेलाय, त्याला आता कशाला तरास?"

पिशवीचा बंद खरंच तुटला होता. मला ते तेव्हाच कळलं.

घरी येताना त्यांनी माझ्याशी सौदा केला. आधी बल्ब बदलायचा. मग मी शेजारी बसायचं आणि त्यांनी घोडेगावपर्यंत जाऊन यायचं. मला पटलं तर राहुरीच्या माणसाला येऊ नको म्हणून मी सांगायचं. नाही पटलं तर किल्ली माझ्या हातात.

"दादा ऐकणार नाही," मी म्हणाले.

"तो कुनाचंच ऐकत न्हाई. पण तुज्या तोंडाला भितो."

ते खरं आहे. माझं तोंड जरा फाटकं आहे, आणि अशा वेळी त्याचा घरादाराला फायदाच होतो. मी सौदा कबूल केला. पण एक गोष्ट मला कळत नव्हती, ती मी विचारली. या माणसाला गाडी हवीच कशाला? दूध घरपोच येतं, बाजार पायाखालचा, आणि नाना स्वतः तर कुठं जातही नाहीत. जायचं असतं ते आईला. देवळात सोडायचं, हळदीकुंकवाला सोडायचं, महिन्यातून एकदा नगरला बँकेत न्यायचं. जी बाई जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मळ्यात चालली, ती आता दोन वावरं ओलांडून जावेकडे जायचं तरी महाराणीसारखी गाडीत बसायची. आम्ही भावंडं यावर पोट धरून हसायचो. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणायचो. नाना नुसते, "पाय दुखत्यात तिचं," एवढंच म्हणाले.

आमची वस्ती गावाबाहेर आहे. दारात मोकळं अंगण, बाजूला पत्र्याचं शेड, त्यात कडबाकुट्टीचं यंत्र, खताच्या गोण्या आणि गाडी. आई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, "आलीस? वाळलीस बाई." मी वाळले वगैरे काही नव्हते, ब्लाउज उसवून घ्यावे लागतात अशी परिस्थिती आहे. पण आया असं म्हणतातच.

कामाला लागले. डिकी उघडली. डाव्या बाजूला लाईटच्या मागे एक प्लॅस्टिकचं झाकण होतं आणि ते एका स्क्रूनं धरलेलं होतं. तो स्क्रू इतका गंजलेला, की स्क्रू ड्रायव्हर फिरवला तर त्याचं डोकं तुटून माझ्या हातात आलं. झाकण निघालं. होल्डर बाहेर काढला तर त्याचा खटका तुटलेला. बल्ब काढून बघितला. काच आतून काळी पडलेली, आत तार तुटून लोंबत होती. म्हणजे नाना खरं बोलत होते, बल्ब गेलेलाच होता. मला उगीच आनंद झाला. मी विकायच्या बाजूची होते हे माझं मीच विसरत चालले होते.

"बल्ब आणि एक स्क्रू आणते," मी ओरडून सांगितलं.

"स्क्रू नको," आई ओट्यावरून म्हणाली. "आज शनिवार."

शिंगणापूर आमच्यापासून एवढं जवळ आहे की शनिवारी तिकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ आमच्या वाळवणावर बसते. शनिवारी लोखंड विकत आणायचं नाही, तेल आणायचं नाही, हे आमच्याकडे मुलं पाढ्यांच्या आधी शिकतात. मी शिकले, मग विसरले. आई कशाला विसरते?

"आई, एवढासा स्क्रू. शनिमहाराजांना दिसणार पण नाही."

"त्यास्नी सगळं दिसतं."

"मग बल्ब?"

तिनं सोललेली पाकळी ताटलीत टाकली. "काचंचा हाय ना?"

"काचेचा. खाली पितळेची टोपी."

"मग चालतंय."

अशा रीतीने धर्मशास्त्राची परवानगी घेऊन मी गावात स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार मुसलमान आहे, पण शनिमहाराजांचं वेळापत्रक त्याला आमच्यापेक्षा पाठ. जुना बल्ब त्यानं उजेडाकडे धरून बघितला, दोन तारांचा नवा बल्ब काढून दिला. एक तार नुसती लाईट लावल्यावर पेटते, दुसरी ब्रेक दाबल्यावर. मग मी स्क्रूची गोष्ट सांगितली. तो अजिबात हसला नाही. काउंटरखालून एक डबा काढला आणि त्यातून प्लॅस्टिकची काळी क्लिप दिली. "शनिवारची गिऱ्हाइकं हीच नेत्यात, ताई. झाकण बसतं. आईस्नी बी काय बोलायला जागा न्हाई." अख्खा डबा भरून क्लिपा होत्या. आमचा तालुका शनिवारी प्लॅस्टिकवर चालतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी येऊन मी बल्ब होल्डरमध्ये फिरवून बसवला. पण खटका तुटलेला असल्यामुळे होल्डर आतून अंगठ्यानं दाबून धरावा लागत होता. म्हणजे मी डिकीत डोकं घालून उभी राहणार, मला बाहेरचं दिसणार नाही. नानांनी पुढे बसून ब्रेक दाबायचा. आणि मागे उभं राहून लागली की नाही हे सांगायला तिसरं माणूस पाहिजे.

"आई, ये गं जरा बाहेर. मागं उभी राहा आणि लाईट लागते का सांग."

"मला काय कळतंय त्यातलं."

"लाल दिसलं तर हो म्हण, नाही दिसलं तर नाही म्हण. एवढंच कळायचंय."

नाना एकदम तापले. "तिला कशाला उन्हात उभी करती? तू बघ मागनं. मी धरतो होल्डर."

"मग ब्रेक कोण दाबणार? बोका?"

"काठी लावू ब्रेकला."

"घरात तीन माणसं धडधाकट असताना काठी कशाला लावायची? बसा तुम्ही तिथं गप."

बायकोला काही म्हणून करू द्यायचं नाही, हा या माणसाचा नवा छंद. मी मनात म्हटलं, हिच्या हातातलं एकेक काम काढून घेतायत, उद्या घासही भरवतील. आई लसणाची ताटली खाली ठेवून उठली. भिंतीला हात लावत आली, मग गाडीला हात लावत मागे गेली. गुडघे दुखतायत, मला वाटलं.

"दाबा," मी डिकीतून म्हणाले.

"दाबला."

"आई, लागली का?"

मागे तिची पावलं जरा सरकली. मग, "न्हाई."

मी होल्डर आणखी दाबला, फिरवला, बल्ब काढून परत बसवला. "आता?"

"न्हाई."

"आणि उजवीकडची तरी लागलीय ना?"

"ती बी न्हाई."

आता मात्र कपाळाला हात लावायची पाळी आली. उजवीकडची लाईट सकाळी मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. म्हणजे डावीकडची दुरुस्त करताना मी चांगली असलेली उजवीकडचीही घालवली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. नाना पुढून काहीच बोलले नाहीत. एरवी त्यांनी माझं शिक्षण काढलं असतं.

तेवढ्यात दादाचा फोन. "झालं का?"

"एक होती ती पण गेली."

"एक बल्ब बदलायला एवढा वेळ? अगं, यूट्यूबवर बघ ना."

"तू ये आणि तुझं यूट्यूब घेऊन ये," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुन्हा दुकान. दुकानदारानं बल्ब बॅटरीला लावून बघितला तर झक्क पेटला. म्हणाला, दोन्ही बाजू एकदम गेल्या म्हणजे फ्यूज उडाला असणार, आणि एक फ्यूज दिला. त्याच्या पोटात धातूची पट्टी असते, पण ती कसली हे मी त्याला विचारलं नाही आणि आईलाही सांगितलं नाही. घरी येऊन फ्यूज बदलला. जुना फ्यूज पिशवीत टाकला. तो दिसायला ठीकच होता, पण तेव्हा मला तेवढा विचार करायला सवड नव्हती. ऊन डोक्यावर आलं होतं.

"उन्हात लाईट दिसत नसेल," मी म्हणाले. "नाना, गाडी शेडमध्ये घ्या. मागनं आत घ्या, अंधारात नीट दिसेल."

"ऱ्हाऊ दे आता. जेवण कर आधी."

"जेवण पळून चाललंय का? घ्या आत."

त्यांनी गाडी सुरू केली. आमच्या शेडचा खांब आणि कडबाकुट्टी यांच्यामधून गाडी मागे घ्यायची म्हणजे सुईत दोरा ओवायचा. त्यांनी एका दमात घेतली, कुठेही न घासता. मी बघत राहिले. पटायचं ते मला खरं तर तिथेच पटलं होतं, पण तसं लगेच बोलून दाखवणं माझ्या स्वभावात नाही.

आई परत मागे जाऊन उभी राहिली, शेडच्या मागच्या भिंतीला टेकून. मी डिकीत. नाना पुढे.

"दाबा."

"दाबला."

"आई?"

कडब्यात कुठंतरी उंदीर खुडबुडत होता तेवढा ऐकू येत होता.

"न्हाई गं," आई म्हणाली.

"एक पण नाही?"

"एक बी न्हाई."

आणि पुढून नाना म्हणाले, "जाऊ दे. वायरिंगच जळलं असंल. पुण्याला सांग, उद्या माणूस येऊ दे. विकून टाका."

मी डिकीतून डोकं वर काढायला गेले ते दाणकन पत्र्यावर आपटलं. हा माणूस हातभर बांधासाठी सख्ख्या चुलतभावाशी तलाठ्यापर्यंत भांडलेला. सकाळी माझ्याशी सौदा करणारा. महिनाभर पुण्याच्या प्रत्येक फोनला पुरून उरलेला. तो एका बल्बपायी गाडी देऊन टाकतो? वायरमन बोलवा म्हणत नाही, दुकानदाराला शिव्या देत नाही, मला गाढव म्हणत नाही?

"पाय काढू नका ब्रेकवरचा," मी म्हणाले. होल्डरच्या मागे एक फडकं कोंबून तो घट्ट बसवला आणि गाडीच्या कडेनं मागे गेले.

दोन्ही लाईट लागल्या होत्या. नुसत्या लागल्या नव्हत्या, चांगल्या ढणढणीत लागल्या होत्या. आईच्या फिक्या लुगड्यावर, हातावर, तोंडावर लाल उजेड पडला होता. ती दिव्याकडेच तोंड करून उभी होती.

"न्हाई ना लागली?" ती म्हणाली.

मी परत एकदा दोन्ही लाईटकडे बघितलं. मग मी म्हणाले, "लागलीय आई."

"कुठली?"

"दोन्ही."

एक हात पुढे करून तिनं डिकीची कड चाचपली. "लाल?"

"लाल."

"मला वाटलं खरंच न्हाई लागली," ती म्हणाली. "दिवाळीत दिसत हुतं की. पणत्या दिसल्या हुत्या मला."

नाना गाडीतून उतरले. लाईट विझल्या. आईला त्याचाही पत्ता लागला नाही, ती अजून तिकडेच बघत होती. नाना येऊन तिच्या शेजारी उभे राहिले आणि माझ्याकडे बघेनात.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"डोळ्याचं हुतं म्हायती. एवढं झालंय हे न्हवतं." त्यांनी बोटानं आरसा दाखवला. "बाजूच्या आरशात दिसत हुतं मला. लुगड्यावर लाल पडलेलं. अन् ती म्हनती, न्हाई लागली. मग मी काय बोलनार?"

मग सगळं बाहेर आलं. काचबिंदू. नगरचे डॉक्टर. जे गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते थेंब घालून टिकवायचं. थेंब नाना घालतात, सकाळ-संध्याकाळ, देवाच्या पूजेला उशीर होईल पण त्याला नाही. आणि महिन्यातून एकदा बँकेत जातात ते बँकेत नाही, दवाखान्यात. त्या मोटारसायकलवाल्यानं ठोकलं तेव्हाही तिथूनच येत होते.

मी रडत नाही, मी ओरडते. तशी ओरडले. तो दवाखाना माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. हे दोघं दर महिन्याला माझ्या दारावरून जात होते, आणि मला फोन करून विचारत होते की नगरला पाऊस कसा आहे. मी म्हणाले, मला परकी समजता काय, मेली आहे काय मी. आईला म्हणाले, इतके दिवस माझ्यासमोर भाकरी थापत होतीस आणि मला कळू दिलं नाहीस. बोलता बोलता मला एवढं वाईट वाटलं, की पुढची शिवी मी गिळली आणि खताच्या गोणीवर बसले.

आई आवाजाच्या रोखानं आली. भिंत, खांब, गोणी, मी. कुठेही अडखळली नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस," ती म्हणाली. "अन् तो न्यायला आला असता. चांगलाच हाय तो. पन त्याच्या घरात मला मोरीचं दार सापडायचं न्हाई. सून हाताला धरून नेनार. पानी मागितलं की पानी देनार. इथं मी लोणचं घालती. मिठाचा डबा कुठला, मिरचीचा कुठला, मला ठाव हाय. हौद कुठं, चूल कुठं, सगळं ठाव हाय. तिथं गेलं की मी आंधळी झाले."

"आणि नाना? ते गाडी देऊन मोकळे होणार होते. मग तुला दवाखान्यात कोण नेणार होतं? एसटी?"

"एसटीनं नेली असती," नाना म्हणाले. "काय तरी केलं असतं. पन तिनं नको म्हनलंय तर मी कसं सांगू?"

मला दोघांचाही राग येत होता, आणि दोघांनाही घट्ट धरून बसावंसं वाटत होतं. यातलं एकही न करता मी पदरानं नाक पुसलं.

आणि दादाचा फोन आला. माझ्या भावाला वेळ कळते, फक्त चुकीची. मी फोन स्पीकरवर टाकला.

"लागली का?"

"लागली. दोन्ही."

"गुड. म्हणजे उद्या दाखवायला अडचण नाही."

"उद्या त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. गाडी विकायची नाही."

"हे काय नवीन? अगं, नानांना दिसत नाही, त्यांनी कुणाला तरी उडवलं म्हणजे..."

"नानांना आरशात लुगड्यावरचा रंग दिसतो. तुला चष्म्यातून पण दिसणार नाही एवढं."

"म्हणजे काय? काहीतरी सरळ बोल ना कधीतरी."

मी आईकडे बघितलं. सांगावं तर तिचा विश्वास जातो, न सांगावं तर उद्या सकाळी राहुरीचा माणूस दारात उभा. आयुष्यात पहिल्यांदाच माझं फाटकं तोंड शिवल्यासारखं झालं. नाना मान खाली घालून शेडच्या खांबाचा रंग नखानं खरवडत होते.

"दे इकडं," आई म्हणाली आणि हात पुढे केला. मी तिच्या तळहातावर फोन ठेवला.

"मी बोलतीय," ती म्हणाली. तिला वाटतं पुण्याला ऐकू जायचं तर मोठ्यानं बोलावं लागतं. "तुझ्या बापाला दिसतंय. दिसत न्हाई ते मला."

तिनं फोन तोंडाच्या आणखी जवळ नेला.

"ऐकतोस ना? काचबिंदू झालाय. दोन वरसं झाली. दवाखाना चालूय. तुझा बाप नेतो मला त्या गाडीतनं, म्हणून ती विकायची न्हाई. आता मागचं दिवं बी लागत्यात, तुझ्या बहिणीनं बघितलंय."

"आई," दादा म्हणाला. एवढंच. मग, कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, "मी उद्याच येतो."

"ये," आई म्हणाली. "जेवायला ये. न्यायला येऊ नको."